नावावर केलेलं दुकान

"नाय ओ आबा, खोटं कशाला सांगू? पाटीवर माझंच नाव आहे. पूर्ण नाव. मधे तुमचं पण आहे."

"माझं पण?" फोनमधून तिच्या बापाचा आवाज असा आला की त्यानं जागेवरच उडी मारली असावी. "परदेशात माझं नाव?"

"तर काय. फोटो पाठवलाय, बघा ना."

"बघितला गं. सगळ्या आळीला दाखवला. पण वाचून कोण सांगणार, अक्षरं तिकडची." बाप हसला, खोकला, परत हसला. "बरं, माझे कागद पोचले का?"

"कसले कागद?"

"जावईबापूंनी मागितले होते की. फोटो, ओळखपत्र, आणि दोन-तीन ठिकाणी सही. मला तिकडं बोलवायचंय म्हणत होते."

"मला नाय बोलले काही."

"मग नको विचारू. अचानक सांगायचं असेल त्यांच्या मनात. माझं नाव नको घेऊ हां, पोटात काही राहत नाही म्हणतील माझ्या."

फोन ठेवून ती वाफेत तशीच उभी राहिली. बाप येणार म्हणून पोरीला आनंदच व्हायला पाहिजे होता, आणि तो झाला. दुसरं काही तिच्या डोक्यात आलं नाही.

घरी तिला सगळे घडी म्हणत. बापाचा इस्त्रीचा ठेला होता, शाळेच्या भिंतीला टेकवलेला. कोळशाची इस्त्री, लाकडी फळी, वर ताडपत्री. चालायला लागल्यापासून पोर त्या फळीखाली वाढली आणि हाताला लागेल त्याची घडी घालायला लागली. रुमालाची, पिशवीची, एकदा तर मास्तरांनी तपासायला घेतलेल्या पेपरांची. नाव पडलं ते पडलं. बापाचा तिच्यावर भारी जीव. ठेल्याच्या फळीवर त्यानं खिळ्यानं तिचंच नाव कोरलं होतं. माणूस आपल्या जिवाभावाचं नाव आपल्या धंद्याला देतो, एवढं एकच गणित त्या घरात होतं. एखाद्याच्या नावावर काही केलं, म्हणजे त्याच्यावर माया केली. ह्याच्या पलीकडे 'नावावर' ह्या शब्दाला आणखी काही अर्थ असेल हे त्या बापलेकींना कुणी शिकवलं नव्हतं.

बघायला आले तेव्हाची गंमत तर आळीत कितीतरी दिवस चालली. पोराची आई खुर्चीत बसली, पाणी प्यायली आणि पिशवीतनं चुरगळलेला पांढरा शर्ट काढला. म्हणाली, "पोरी, एवढा जरा कर बघू." सगळे हसले. विहीणबाई मोठ्या गमतीशीर आहेत म्हणाले. घडीनं कॉलर केली, खांदा केला, बाह्या केल्या, बटणपट्टी केली आणि घडी घालून शर्ट पुढं ठेवला. विहीणबाईंनी तो उजेडात धरला, कॉलरच्या टोकापाशी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "पसंत."

पोरीच्या तोंडाकडे त्या बाईनं तोवर धड बघितलंही नव्हतं. बैल घेताना सुद्धा माणूस दात बघतो. पण मुलगा दिसायला चांगला, बोलायला मऊ, परदेशात स्वतःची लाँड्री. बापानं होकार दिला. आईविना वाढलेल्या पोरीचं ह्याहून चांगलं काय होणार होतं?

दुकान मोठं होतं. पुढं काच, काचेमागं काउंटर, काउंटरमागं कपडे टांगायची लांब दांडी. दार उघडलं की वर घंटी वाजायची. काउंटरला सासू बसायची. घडी तिला आत्याबाई म्हणायची. पैशाचा खण तिच्या मांडीसमोर, त्याची आणि घरातल्या कपाटाची किल्ली तिच्या गळ्यात. मागच्या भागात पडदा ओलांडून गेलं की धुण्याची मशीनं, वाफेचा बॉयलर आणि पायानं दाबायचा मोठा प्रेस. तो घडीचा. त्याच्याही मागं एक लोखंडी दार होतं, गल्लीत उघडणारं. तिकडून नवरा व्हॅन लावायचा आणि चादरींची पोती आत टाकायचा. हॉटेलच्या चादरी, दवाखान्याचे अंगरखे. पुढच्या काचेतून दिवसाला थोडीफार गिऱ्हाइकं यायची. मागच्या दारातून डोंगर यायचा. पुढच्या गिऱ्हाइकाला आत्याबाई पावती फाडून द्यायच्या. मागच्या डोंगराला पावती नसायची. घडीला वाटायचं, हॉटेलवाल्यांचा हिशेब वेगळा होत असेल, महिन्याचा.

वर राहायची जागा होती. तिथं खिडकीत पाठमोरी बसलेली असायची थोरली जाऊ. गुंड्या लावायची, फाटलेली शिवण घालायची, पँटा आखूड करायची. थोरले दीर लांबच्या मालगाडीवर ड्रायव्हर होते. आले की झोपायचे, उठले की जायचे. जाऊबाई कधी खाली दुकानात येत नसे. घडीनं सुरवातीला एकदा विचारलं, "ताई, चला ना खाली, पुढं बसू जरा." तर जाऊ दोरा दातानं तोडून म्हणाली, "मला खाली जायची बंदी नाही. मलाच खाली जायचं नाही."

लग्न होऊन आल्यावर थोड्याच दिवसांत नवरा तिला एका कचेरीत घेऊन गेला. तिथं चार-पाच ठिकाणी तिनं सह्या केल्या. नवरा एका हातानं जागा दाखवत होता, दुसरा हात तिच्या पाठीवर होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "झालीस आता मालकीण."

"म्हणजे?"

"दुकान तुझ्या नावावर केलं. आई म्हणाली, नवी सून आलीये, तिच्या पायगुणानं चालू दे."

घडीचे डोळे भरून आले. दुसऱ्याच दिवशी पाटी आली. नवरा शिडीवर चढला, आत्याबाई खालून "डावीकडं, अजून डावीकडं" करत होत्या. जुनी पाटी आधीच काढलेली होती. तिच्या जागी भिंतीचा रंग फिका राहिलेला, आणि नवी पाटी त्या फिक्या चौकोनापेक्षा जरा लहान पडली. कडेनं पट्टा उघडा राहिला. घडीनं फोटो काढताना तेवढं बघितलं आणि फोन जरा पुढं नेऊन पट्टा चौकटीबाहेर ठेवला.

वर्ष सरलं. एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर रिटर्नवाला आला.

हा माणूस आपल्याकडच्या लोकांचे आयकराचे रिटर्न भरून द्यायचा. खांद्याला पिशवी, पिशवीत लॅपटॉप, तोंडात सतत लवंग. आल्या आल्या त्यानं घडीला वाकून नमस्कार केला. "मालकीणबाई! कागदपत्र सगळं तयार आहे. तुम्ही फक्त सहीचा कोंबडा मारायचा."

"बसा की," घडी म्हणाली. "मला जरा सांगा तरी काय आहे ते."

"सांगायचंय काय त्यात?" आत्याबाई पलंगावरून म्हणाल्या. पाय लांब करून बसल्या होत्या. खाली जागा उरली नाही म्हणून चादरींचं एक पोतं वर आणलं होतं, त्याच्यावरच पाय. "मी इतकी वर्षं बघतेय, मला कळलं नाही, तुला कळणार?"

"सांगतो हो, हौस आहे त्यांना," रिटर्नवाला हसला. स्क्रीनवर बोट फिरवत वाचायला लागला. दुकानाची मालकीण, म्हणजे घडी. दुकानाचं उत्पन्न, इतकं. दुकानाचा खर्च, त्याहून जास्त. "म्हणून तोटा. तोटा म्हणून कर नाही. गोड गोष्ट."

"तोटा?" घडी म्हणाली. "मग ही पोती कुणाची?"

रिटर्नवाल्याचं बोट स्क्रीनवर थांबलं.

"कसली पोती?" आत्याबाई म्हणाल्या. पाय पोत्यावरच होते.

नवरा हसला. हसताना त्याचा चेहरा नेहमी छान दिसायचा. "अगं, ते वेगळं असतं. तुम्ही वाचा हो पुढं."

"पुढं काय, पगार." रिटर्नवाल्यानं लवंग ह्या गालातून त्या गालात घेतली. "दोन कामगार, एक मॅनेजर. कामगारांची नावं तुमच्या ओळखीचीच असतील. आणि मॅनेजर..." त्यानं नाव वाचलं. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव. "हे तुमच्यातलेच का? आडनाव माहेरचं दिसतंय तुमच्या."

घडीच्या बापाचं नाव होतं ते. ज्यानं आयुष्यात विमान फक्त आभाळात बघितलं, तो माणूस वर्षभर ह्या देशात लाँड्रीचा मॅनेजर होता आणि भरपूर पगार घेत होता.

रिटर्नवाल्यानं लॅपटॉप तिच्याकडं वळवला. सहीसाठी बोटानं जागा दाखवली. नवऱ्याचा हात तिच्या पाठीवर आला, कचेरीत आला होता तसाच, त्याच जागी.

"दूध ठेवलंय गॅसवर," घडी म्हणाली आणि उठली.

गॅसवर दूध नव्हतं. गॅस बंद होता. जाऊबाई ओट्यापाशी ताटं पुसत होती. घडी तिच्याशेजारी उभी राहिली आणि काही न सुचून तिनंही एक फडकं घेतलं.

"वाचलं का नाव?" जाऊ हळूच म्हणाली. मान वर न करता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या वेळी माझ्या भावाचं होतं."

"तुमच्या वेळी?"

"मी पण मालकीणच होते ना." जाऊनं ताट ठेवलं. "माझी पाटी जरा मोठी होती. हौशीनं मोठी करून घेतली होती मी."

जाऊ एका सुरात सांगत गेली, गुंडी लावावी तशी, टाका टाका. आधी हेच दुकान तिच्या नावावर होतं. तोटा, तोटा, तोटा. मग एक दिवस कचेरीतनं माणसं आली, मालकीण कोण म्हणून विचारलं, आणि आत्याबाईंनी बोट दाखवलं. तेव्हापासून सगळी वसुली जाऊच्या नावावर. ती फिटेस्तोवर देश सोडायचा नाही. भावाला त्याच्या गावात पोलिसांनी बोलावून नेलं, आता तो फोन घेत नाही. आई गेली तेव्हा जाऊ ह्याच खिडकीत पँट आखूड करत होती.

"मग मला का नाय सांगितलं?" घडीच्या तोंडून शब्द इतक्या मोठ्यानं आले की फडकं तिनं तोंडावर दाबून धरलं. "मी बहिणीसारखं मानते तुम्हाला! पाटी लागली त्या दिवशीच सांगायचं होतं!"

जाऊनं आता तिच्याकडे बघितलं. "तू सही केलीस, तुझं दुकान वर्षभर नीट चाललं, की त्यातनं माझं थोडं थोडं फेडू म्हणालेत. मी सुटणार होते." मग परत ताटाकडं वळून म्हणाली, "मला तू आवडतेस. पण तू येणार म्हणून मी दिवस मोजत होते, हे पण खरं आहे."

बाहेरून नवऱ्याची हाक आली. घडीनं आतून सांगितलं, पोटात दुखतंय, उद्या करते. रिटर्नवाला म्हणाला, महिनाअखेर शेवटची तारीख, मालकीणबाई, आठवण ठेवा. पायऱ्या उतरताना त्याचं हसणं वरपर्यंत ऐकू येत होतं.

खरं सांगायचं तर घडी एवढ्यावर कुठल्या कचेरीत गेली नसती. ती काही शूर बाई नव्हती. दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये नवऱ्याशेजारी बसली असताना तिनं सौदाच मांडला.

"अहो."

"बोल."

"आबांचं नाव काढा. बाकी काय लिहायचं ते लिहा. मी सही करते."

नवऱ्यानं सिग्नलला गाडी थांबवली. पुढं एक म्हातारा काठी टेकत रस्ता ओलांडत होता, त्याच्याकडं बघत राहिला. "काढता येत नाही. त्यांनी स्वतः सह्या दिल्यात. हौशीनं."

"त्यांना वाटलं तुम्ही बोलवताय."

"बोलवू ना. कधीतरी बोलवू." त्यानं तिचा हात हातात घेतला, अगदी हलक्या हातानं. "हे बघ. तू इथं कशी आलीस? माझी बायको म्हणून. राहतेस कशी? माझी बायको म्हणून. मी उद्या लिहून दिलं की आता ही माझी बायको नाही, तर तुला परत जावं लागेल. आबांना काय सांगशील? पाटी पडली म्हणून?" सिग्नल सुटला. "पोटदुखी बरी झाली का?"

त्याचा आवाज चढला असता तर तिला कमी भीती वाटली असती.

संध्याकाळी तिनं आत्याबाईंकडं पासपोर्ट मागितला. कपाटात ठेवलाय म्हणाल्या, नीट आहे, काळजी नको. लागेल तेव्हा देईन. घडी म्हणाली, आत्ता लागतोय. आत्याबाईंनी गळ्यातली किल्ली झग्याच्या आत सोडली आणि म्हणाल्या, "कुठं निघालीस, मालकीणबाई? दुकान टाकून?"

मग तिनं बापाला फोन केला. हळू आवाजात, मशीन चालू ठेवून. आबा, आता कुठंही सही करू नका, आणि दिलेल्या सह्यांचं कुणी विचारलं तर खरं सांगा. बापाला आधी कळेचना. कळलं तेव्हा तो चिडला. पण तिच्यावर.

"जावयाच्या नावानं असं बोलतेस? परक्यांपुढं बोलायला लावतेस? अगं, एवढं मोठं दुकान दिलं त्यांनी तुला! घर मोडशील अशानं."

"आबा, ते दुकान नाय. ते..."

"कागदाचं काय घेऊन बसलीस. माणसं बघ, माणसं. मी मॅनेजर तर मॅनेजर. माझं काय वाकडं होणार इथं ठेल्यावर?"

घडीनं फोन ठेवला. आबा मॅनेजर झाल्याचं ऐकून कुठंतरी खूश झालाय, हे तिला आवाजावरून कळलं होतं, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला.

त्या आठवड्यात तिला एका दवाखान्यात डॉक्टरांचे कोट पोचवायला पाठवलं. नवरा व्हॅन घेऊन दुसरीकडं गेला होता. कोट देऊन ती तशीच पुढं चालत गेली. आयकराची कचेरी तिनं येता-जाता बघितली होती. आत चकचकीत फरशी, नंबराची चिठ्ठी घ्यायची, खुर्चीत बसायचं. हातात रिकामे हँगर होते, ते तिनं मांडीवर धरून ठेवले. शेजारी बसलेल्या माणसानं तिच्याकडं आणि हँगरकडं बघून एक खुर्ची सोडून बसणं पसंत केलं.

खिडकीपलीकडं एक मध्यमवयीन बाई होती, केस आखूड, गळ्यात ओळखपत्र. घडीला तिथली भाषा येत होती ती कपड्यांपुरती. डाग, गुंडी, उद्या, परवा, तातडीचं. त्या तेवढ्या शब्दांनी तिनं सांगायला सुरवात केली. बाईला आधी वाटलं हिचा एखादा कोट हरवलाय. मग हळूहळू बाईच्या हातातलं पेन थांबलं.

"म्हणजे कागदावर मालक तू आहेस," बाई सावकाश, शब्द सुटे करून म्हणाली, "आणि तू म्हणतेस, मालक तू नाहीस."

"हो."

"मग तू कोण आहेस?"

"मी इस्त्री करते."

बाईनं खुर्ची पुढं ओढली. सांगितलं ते काही गोड नव्हतं. जोवर सही नाही, तोवर खोटं तू सांगितलेलं नाहीस. सही झाली की ते तुझं. पण नोंदणीच्या सह्या तुझ्याच आहेत, त्या पुसता येणार नाहीत. आम्ही चौकशी लावली की ती मागं घेता येत नाही. तुझ्या वडिलांनाही विचारलं जाईल. तुझं नाव ह्यातून सुटेल असं वचन मी देऊ शकत नाही.

"समजलं?"

"समजलं."

"घरी तू सुरक्षित आहेस?"

घडी हँगरच्या आकड्यावर बोट फिरवत राहिली.

"तुम्ही या," शेवटी ती म्हणाली. "सकाळी या. मागच्या दारानं या. पुढून काही दिसत नाही."

बाईनं तिला अडचणीत फिरवायचा एक नंबर लिहून दिला, तो पाठ करायला लावला आणि चिठ्ठी परत घेऊन फाडून टाकली. हे करताना ती कुठं हसली वगैरे नाही. त्यावरून घडीला कळलं की अशा बाया ह्या खिडकीशी आधीही आलेल्या आहेत.

मधले दिवस घरात फार चांगले गेले. हे सांगायलाच पाहिजे. आत्याबाईंनी तिला स्वतःच्या हातानं वाढलं. नवऱ्यानं नवे बूट आणले, उभं राहून पाय दुखतात म्हणून, आणि खाली बसून स्वतः नाड्या बांधल्या. बांधता बांधता म्हणाला, "त्या दिवशी कोट द्यायला बराच वेळ लागला तुला." घडी म्हणाली, वाट चुकले. "चुकते हो नव्या गावात," तो म्हणाला आणि नाडी जरा जास्तच आवळली. सैल करायला ती वाकली नाही. जाऊबाई खिडकीत पाठमोरी. तिच्या मशीनचा आवाज मात्र आताशा मधेमधे थांबायचा, कुणी काही ऐकत असल्यासारखा.

रिटर्नवाला परत यायचा त्याच्या आदल्या सकाळी पुढची घंटी वाजली आणि त्याच क्षणाला मागचं लोखंडी दार वाजलं.

पुढून एक तरुण अधिकारी आला, मागून ती आखूड केसांची बाई आणि आणखी एक माणूस. काउंटरपाशी अधिकाऱ्यानं विचारलं, दुकानाचा मालक कोण?

आत्याबाई क्षणभरही थांबल्या नाहीत. हात लांब करून पडद्याकडं बोट दाखवलं. "ती. आत आहे. मला काही ठाऊक नाही हो, मी म्हातारी, इथं ऊन येतं म्हणून बसते."

बाहेर ढगाळ होतं आणि पैशाचा खण त्यांच्या मांडीसमोर उघडा होता. अधिकाऱ्यानं एकदा ढगांकडं बघितलं, एकदा खणाकडं, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मागं नवरा खांद्यावर पोतं घेऊन व्हॅनमधून उतरतच होता. दारात माणसं बघून तो जागच्या जागी थांबला. पोतं खाली ठेवावं की परत गाडीत टाकावं हे त्याला ठरवता येईना, आणि तो तसाच उभा राहिला, ओझ्याखाली, मान तिरकी करून. त्या तिरक्या मानेनंच त्यानं घडीकडं बघितलं. ती प्रेसपाशी होती. हातात कुणाचातरी शर्ट. तिच्या तोंडावर अचंबा नाही हे त्यानं बघितलं. आणि मग तो हसला.

बाईनं विचारलं, "ही पोती कुणाची?"

"हॉटेलची," घडी म्हणाली. "रोज येतात. पैसे हे घेतात. खण आत्याबाईंकडं. कामगार दुसरं कोणी नाही. मी आहे. वर ताई आहेत. माझा बाप इथं कधी आला नाही."

एवढंच बोलली. ती वाक्यं तिनं बरेच दिवस इस्त्री करता करता त्या भाषेत जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही चुकलं नाही. पुढचे प्रश्न आले तेव्हा मात्र तिचे शब्द संपले आणि ती नुसती हो-नाही करत गेली.

दुपारपर्यंत चाललं. खण रिकामा करून नेला, व्हॅनमधले कागद नेले, आत्याबाईंच्या गळ्यातली किल्ली मागून घेतली, वरचं कपाट उघडलं. त्यात घडीचा पासपोर्ट होता आणि जाऊबाईंचाही. आखूड केसांची बाई दोन्ही घेऊन खाली आली. घडीनं हात पुढं केला. बाई म्हणाली, चौकशी होईस्तोवर हे आमच्याकडं राहतील. देश सोडायचा नाही. बोलावू तेव्हा यायचं.

"ताईंसारखं," घडी म्हणाली.

बाईला ताई कोण हे कळलं नाही. तिनं घडीचं म्हणणं वाचून दाखवलं, वाक्य वाक्य, थांबून थांबून. 'मालकीण म्हणून नोंद असलेली व्यक्ती असं म्हणते की...' घडीनं शेवटपर्यंत ऐकलं, एका ठिकाणी दुरुस्ती सांगितली, आणि मग सही केली. पाठीवर कुणाचा हात नव्हता.

माणसं गेली. घंटी वाजून थांबली.

आत्याबाई काउंटरवर बसून होत्या, रिकाम्या खणासमोर. नवऱ्यानं जाऊन पुढचं शटर अर्ध्यावर ओढलं, मग मागचं लोखंडी दार आतून लावलं आणि कडीत बोट घालून ती दोनदा हलवून बघितली. वर मशीन बंद होतं. जाऊबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभी होती, खाली उतरत नव्हती आणि परतही जात नव्हती.

"जेवणं झाल्यावर बोलू," नवरा म्हणाला. आवाज नेहमीसारखा मऊ. "घाई कसलीय. आता सगळे इथंच आहोत."

"इथंच आहोत," आत्याबाई म्हणाल्या.

घडीनं त्यांच्याकडं बघितलं नाही. पाठ केलेला नंबर तिनं मनात एकदा म्हणून बघितला, सगळे आकडे जागेवर होते. प्रेसवर सकाळपासून पडलेला शर्ट गार होऊन परत चुरगळला होता. तिनं त्याच्यावर पाण्याचा हात फिरवला, कॉलर ओढून सरळ केली आणि पायानं पेडल दाबलं. वाफ वर आली.